शोमारीच्या पाठीवरची खांगा

मी एक खांगा बोलतेय. आमच्याकडे बाया कमरेला गुंडाळतात, डोक्यावरून घेतात, बाळाला पाठीशी बांधतात, ते रंगीत सुती कापड. बोलतेय खरी, पण माझं कितपत ऐकावं याची माझी मलाच खात्री नाही. जन्मभर मी एकच वाक्य बोलत आले, आणि तेच नेमकं खोटं पडलं.

आम्हा खांगांच्या काठाशी एक वाक्य छापलेलं असतं. कुणाच्या काठावर प्रेमाचं, कुणाच्या काठावर शेजारणीला टोमणा. माझ्यावर छापलंय, ‘मोठ्यांचं जो ऐकत नाही, त्याचा पाय मोडतो.’ ही आमच्या किनाऱ्यावरची जुनी म्हण. गिरणीत शाईच्या रुळाखालून सरकताना ‘बाई, तुला हे पटतं का,’ असं मला कुणी विचारलं नाही. ओली होते, गरम होते, गप्प बसले.

आम्ही जुळ्या जन्मतो. एकाच लांब कापडात दोघी, मधे कापायला जागा सोडलेली. टांगा शहरातल्या बाजारात बी म्वानाहावा नावाच्या बाईने आम्हाला विकत घेतलं, तेव्हा तिला सातवा महिना होता. चेहऱ्यावर घाम आणि शंका दोन्ही.

“ही घ्या, ‘सवतीला माझा सलाम सांगा.’ फार खपते,” दुकानदार म्हणाला.

“मला सवत नाही.”

“मग ठेवून द्या. वेळ काय सांगून येते?”

“तुझ्या तोंडात राख पडो! पोटातल्या बाळाला चांगलं वळण लागेल असं काहीतरी दाखव.”

त्याने आम्हाला पुढे केलं. बाईने काठ वाचला, पुन्हा वाचला आणि समाधानाने मान हलवली. घरी जाऊन तिने आम्हाला मधोमध कापलं, कडा शिवल्या. माझी जुळी तिच्या डोक्यावर गेली. मी पाठीवर.

पाठीवरचं बाळ काय असतं ते मला विचारा. एवढासा जीव, पण भट्टीसारखा गरम. तिचं बाळ, शोमारी, माझ्यात झोपलं की म्वानाहावा विटुंबुवाचं पीठ घोटता घोटता दर थोड्या वेळाने हात मागे नेऊन त्याच्या नाकापाशी बोट धरायची. श्वास लागला की पीठ पुन्हा घोटायला सुरुवात. विटुंबुवा म्हणजे तांदूळ आणि नारळाच्या दुधाचे गोड गोळे, खळग्यांच्या तव्यावर भाजलेले. रोज सकाळी ती ते दारात बसून विकायची. नवरा जहाजावर खलाशी, वर्षातून एकदा यायचा, तोही निम्मा वेळ झोपायचा.

झोपेतही शोमारी लाथा मारायचा. माझी वीण पहिल्यांदा विरली ती त्याच्या डाव्या टाचेपाशी. तेव्हा आई म्हणायची, “ह्याच्या पायात काहीतरी आहे गं बाई.” काय आहे, ते कुणालाच माहीत नव्हतं. जंत असतील, असंही तिला एकदा वाटलं होतं.

चालायला लागल्यापासून शोमारी बाहेर निघाला की ती माझ्या काठावर बोट ठेवायची. “काय लिहिलंय?”

“मोठ्यांचं ऐकावं,” तो म्हणायचा. पायाचं तो गाळायचा. त्याला भीती वाटायची.

एकदा शेजारच्या बी साउदाच्या आंब्यावर चार पोरं चढली. शोमारीला आईने नको म्हटलं होतं, म्हणून तो खाली राहिला. वरून एकजण पडला आणि त्याचा पाय मोडला. झालं! म्हणीला पुरावा मिळाला. त्या दिवसापासून गल्लीतल्या सगळ्या आया माझा काठ आपापल्या पोरांना वाचून दाखवायला लागल्या. मलाही जरा चढलीच. आपल्या अंगावर लिहिलंय ते खरं ठरतंय म्हटल्यावर कुणाला चढणार नाही?

शोमारी खेळायला शिकला ओहोटीच्या ओल्या वाळूवर. प्लास्टिकच्या पिशव्यांचा गोळा, वरून घायपाताची दोरी, झाला फुटबॉल. भरती आली की सामना संपला. त्यामुळे त्याला घाईने गोल करायची सवय लागली. डाव्या पायाने असा काही फटका मारायचा की दोरी सुटून पिशव्या हवेत उडायच्या आणि गोल झाला की नाही यावर संध्याकाळपर्यंत भांडण चालायचं.

तो अठरा वर्षांचा झाला तेव्हा दारेसलामच्या जहाझी क्लबची माणसं त्याला न्यायला आली. निघताना आईने मला घडी करून त्याच्या पिशवीत घातलं. “बूट गुंडाळायला होईल,” ती म्हणाली. बुटांसाठी कुणी खांगा देत नाही, हे त्यालाही कळलं. डोक्यावरची माझी जुळी तिच्याकडे राहिली.

जहाझीत शोमारीचं नाव झालं. पुढच्या फळीत डावीकडून पळायचा, पण गोल कुठूनही करायचा. चहाच्या टपऱ्यांवर त्याचं चित्र रंगवलं गेलं, त्यात दोन्ही पाय डावेच काढले होते. तिकडे टांग्याला आई रेडिओ लावून विटुंबुवा भाजायची. गोल झाला की तव्यावरचे करपायचे, आणि गिऱ्हाईक ते करपलेलेच मागायचे.

इतकं नाव होऊनही तो कुणाला नाही म्हणायला शिकला नाही. प्रशिक्षक म्हणाले, उजवीकडून खेळ, हो. मित्र म्हणाला, तुझे नवे बूट मला दे, हो. लोक म्हणायचे, किती गुणी पोरगा! मला बुटांच्या वासात गुदमरताना वाटायचं, इतका गुणी बरा का? पण मी कोण सांगणार? माझ्यावर तर उलटंच छापलेलं.

क्लबची एक कमिटी होती आणि कमिटीत पेंबेबाबा होते. पांढरी टोपी, काळी छत्री, दातात लवंग. माणूस वाईट नव्हता. जहाझी हरली की दोन दिवस जेवायचे नाहीत. पण मोठ्या सामन्याला खेळाडूंनी मैदानात कुठून जायचं हे पेंबेबाबा ठरवायचे, प्रशिक्षक नव्हे. आमचे कट्टर वैरी मिनाझी. ते स्टेडियमच्या फाटकाखाली मंतरलेलं काहीतरी पुरून ठेवतात, त्यावरून जो जाईल त्याच्या पायातलं बळ जातं, हे जहाझीत सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून आमची टीम मागच्या भिंतीवरून उड्या मारून आत जायची. आम्हीही पुरतो असं मिनाझीला ठाऊक होतं, म्हणून ते बाजूच्या भिंतीवरून. एवढ्या मोठ्या फाटकातून जायचे फक्त प्रेक्षक आणि रेफ्री. रेफ्रीच्या पायातलं बळ गेलं तर कुणाला दुःख नव्हतं.

हसू नका. शोमारीही मनातल्या मनात हसायचा, आणि तरी उडी मारायचा.

मग मिनाझीबरोबरचा तो सामना आला. तुर्कस्तानातल्या एका क्लबचा माणूस शोमारीला बघायला येणार होता. त्याला खेळ आवडला, तर शोमारी तिकडे जाणार. जहाझीतून इतक्या लांब आजवर कुणी गेलं नव्हतं. आईनेही ठरवलं, या वेळी रेडिओ नाही, लेकाला डोळ्यांनी बघायचं. आदल्या दिवशी त्याने तिला फोन केला, तेव्हा मी त्याच्या मांडीवर होते.

“आई, उद्या मला भिंतीवरून जायचं नाहीये. उंच आहे. खाली विटांचे तुकडे पडलेत. उद्याच्या दिवस फाटकातून जातो, असं सांगू का?”

“कोणाला सांगणार?”

“पेंबेबाबांना.”

“शोमारी! त्यांची दाढी पांढरी झाली त्या क्लबात. तू काल आलास. मोठी माणसं सांगतात ते काहीतरी बघूनच सांगत असतील ना?”

“पण आई...”

“काय लिहिलंय खांगावर?”

“मोठ्यांचं ऐकावं.”

“हां. नीट जेव, आणि पायाला तेल लाव. मी फाटकापाशीच उभी राहते, म्हणजे तू आत जाताना दिसशील.”

हिला भिंतीचं सांगून झालं, तरी ही फाटकापाशी उभी राहणार! आयांचं ऐकणं असंच असतं. अर्धं कानात शिरतं, उरलेल्या जागेत काळजी असते.

दुसऱ्या दिवशी दुपारी टीमची बस मागच्या भिंतीला लागली. बसच्या टपावरून भिंतीवर आणि भिंतीवरून आत. शोमारीच्या गळ्यात पिशवी आणि पिशवीत मी. भिंतीवर बसून त्याने एकदा खाली पाहिलं.

“बाबा, फाटकातून गेलो असतो तर...”

“काय म्हणालास?” पेंबेबाबांनी छत्री वर केली.

“काही नाही.”

त्याने उडी मारली. पाय तुकड्यावर पडला, तुकडा सरकला आणि डाव्या गुडघ्यात असा आवाज झाला जसा वाळलेल्या शेंगेचा होतो. मी तो ऐकला. मागून येणाऱ्यांच्या आरडाओरड्यात दुसऱ्या कुणी ऐकला नाही.

कपडे बदलायच्या खोलीतही काही पुरलेलं असेल म्हणून तिथे न जाता सगळे भिंतीच्या सावलीतच तयार होत होते. शोमारीने मला पिशवीतून काढून गुडघ्याला घट्ट गुंडाळलं. टीमच्या डॉक्टरांनी ते पाहिलं. मला सोडवून त्यांनी गुडघा दाबला. शोमारीने ओठ चावला.

“आज बस तू,” डॉक्टर म्हणाले. “हा गुडघा खेळायचा नाही.”

पेंबेबाबा वाकले. “अरे देवा, बघा, बघा! मिनाझीवाल्यांचं काम. पोरा, तू बसलास की त्यांची पूजा फळली. खेळलास की त्यांचं त्यांच्यावर उलटेल.”

“पेंबेबाबा, हा गुडघा आहे, फाटक नाही,” डॉक्टर चिडले. मग शोमारीला म्हणाले, “तू सांग. तुझा पाय आहे. खेळायचं की नाही?”

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. एक शब्द बोलायचा होता. त्याने पेंबेबाबांच्या पांढऱ्या दाढीकडे पाहिलं. माझ्याकडेही पाहिलं, नेमकं काठाकडे. घडी उलटी पडली असती तर काय झालं असतं, याचा विचार मी आजही करते. काही झालं नसतं. त्याला पाठ होतं.

“खेळतो,” तो म्हणाला.

डॉक्टरांनी पट्टी आवळली. मी बाकावर राहिले, तिथून सगळं दिसत होतं. पूर्वार्धात त्याने डोक्याने एक गोल केला. मैदान असं काही ओरडलं की बाकही थरथरला. तुर्कस्तानचा माणूस उभा राहून टाळ्या वाजवत होता. मला वाटलं, माझ्यावरचं वाक्य खरंच असावं. ऐकलं पोराने, आणि झालं चांगलं.

उत्तरार्धात चेंडू त्याच्यासमोर मोकळा आला. पुढे फक्त गोलकीपर. शोमारीने डावा पाय रोवला, वळला आणि खाली बसला. जवळपास कुणीही नव्हतं. कुणी धक्का दिला नाही, कुणी पाय घातला नाही. रेफ्रीने शिट्टी वाजवायला सुद्धा वेळ लावला, कारण वाजवायची कशासाठी ते त्याला कळेना. तुर्कस्तानचा माणूस जरा वेळ उभा राहिला. मग खुर्चीवरचं जाकीट उचलून निघून गेला.

स्ट्रेचरवर घातल्यावर शोमारी थरथरायला लागला, म्हणून कुणीतरी मला त्याच्यावर पांघरलं. रुग्णवाहिका बाहेर उभी होती. भिंतीवरून स्ट्रेचर जात नाही.

“फाटकातून न्या,” पेंबेबाबा हळूच म्हणाले. “बाहेर जायला चालतं.”

फाटकापाशी म्वानाहावा उभी होती. डोक्यावर माझी जुळी आणि हातात विटुंबुवाचा डबा. सामना सुरू झाल्यावरही ती आत गेली नव्हती. फाटकावरच्या माणसाने तिला सांगितलं होतं, “अहो, तुमची टीम केव्हाच आत गेली, ते इथून येत नाहीत.” त्यावर ती म्हणाली होती, “येताना तरी इथूनच येईल.” लेकाच्या गोलाचा आरडाओरडा तिने बाहेरून ऐकला होता.

स्ट्रेचर आलं तेव्हा तिने आधी मला ओळखलं, मग त्याला.

“आई, ऐकलं मी सगळ्यांचं,” शोमारी म्हणाला. तक्रारीने नाही म्हणाला, हेच वाईट. शाळेतून घरी येऊन सांगतात ना, तसं सांगितलं.

पुढचं लांबवत नाही. पेंबेबाबांनी निष्कर्ष काढला की मिनाझीने आता भिंतीखालीही पुरायला सुरुवात केली आहे, तेव्हा पुढच्या वेळी भिंत बदलायची. गुडघ्याचं ऑपरेशन उशिरा झालं आणि तो अर्धवट बरा झाला. दीड वर्षाने शोमारी परत उभा राहिला, पण पळताना जरासा कलायचा. जहाझीने सोडलं. लहान क्लबांतून लहान गावांत खेळला. एकदा मोरोगोरोत प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं, “आजोबा, काठी घरी राहिली काय?” सगळे हसले. तोही हसला. तिसाव्या वर्षी त्याने बूट माझ्यात गुंडाळून ठेवले आणि पुन्हा काढले नाहीत.

टांग्याला म्वानाहावाने माझ्या जुळीचं फडकं केलं. गरम तवा उतरवायला. धडधाकट खांगा, लोक हळहळले. ती म्हणाली, “माझ्या लेकाने कधी कुणाला नाही म्हटलं नाही, असं मी गावभर मिरवत होते. कुणीतरी माझं तोंड धरायला हवं होतं.” जुळीचा काठ आधी करपला. बरं झालं.

मला शोमारीच्या बायकोने, नासराने, बाहेर काढलं. तिला मुलगी झाली, तुनू. नासरा म्वानाहावापेक्षाही काळजीवाली. बाळाच्या नाकाशी बोट धरून समाधान व्हायचं नाही, म्हणून आरसा धरायची. वाफ आली की, “आहे, आहे.” मग मला हुंगून, “धुतली नाही वाटतं?” मला तिची दया यायची आणि जरा घरच्यासारखंही वाटायचं. तुनू दोन्ही टाचांनी लाथा मारायची. माझ्यात मारायला आता फारसं उरलं नव्हतं.

शोमारीला नोकरी मिळाली ती त्याच स्टेडियमच्या फाटकावर. सकाळी कुलूप काढायचं, झाडून घ्यायचं, साखळी सोडायची. ज्या फाटकातून तो खेळायला कधी गेला नाही, त्याच्याच खुर्चीवर तो आता बसतो. उन्हासाठी मला खांद्यावर टाकतो.

गेल्या रविवारी पुन्हा जहाझी आणि मिनाझी. फाटक सताड उघडं. सहा वर्षांची तुनू आतून बाहेर, बाहेरून आत पळत होती. जहाझीची बस आली आणि फाटकावरून सरळ मागच्या भिंतीकडे वळली. पेंबेबाबा मात्र उतरले. आता त्यांच्याने चढवत नाही, म्हणून ते स्वतः फाटकातून जातात.

“आजोबा, तुम्हाला काही होत नाही का?” तुनूने विचारलं.

“मी कुठे खेळाडू आहे, बाळ?”

“मी रोज जाते. मला पण काही नाही झालं.”

“तू तरी कुठे खेळाडू आहेस?”

“आहे की. डाव्या पायाची.”

पेंबेबाबांनी तिच्या पायाकडे पाहिलं, मग खुर्चीवरच्या शोमारीच्या पायाकडे. छत्री या हातातून त्या हातात गेली.

“बाबा,” शोमारी म्हणाला, “आज पोरांना इकडून येऊ द्या.”

“कमिटीचं ठरलंय, पोरा.”

“खाली विटा आहेत अजून.”

“तुला माहितीये रे, ते लोक काय काय...”

“मला माहितीये, म्हणूनच सांगतोय.”

म्हाताऱ्याने लवंग दाढेखाली सरकवली आणि तो फाटकातून आत निघून गेला.

शोमारी उठला. तुनूच्या हातात साखळी दिली. “धर. लावू नकोस. उघडंच राहू दे.” मग लंगडत आतल्या बाजूने मागच्या भिंतीपाशी गेला, मला चौघडी करून पाठीवर टाकलं, भिंतीला दोन्ही हात टेकले आणि वाकला.

वरून कुणीतरी ओरडलं, “शोमारीकाका, बाजूला व्हा! उडी मारतोय.”

“नाही.”

मी दचकले. कुणाला असं तोंडावर ‘नाही’ म्हणताना मी त्याला पहिल्यांदा ऐकलं.

“उडी मारायची नाही. पाठीवर पाय ठेव आणि उतर. हळू.”

ते उतरले. एकामागून एक, बुटांसकट, माझ्यावर पाय देत. त्याचा डावा गुडघा दर पावलाला थरथरत होता, ते मला पाठीतून कळत होतं. गोलकीपर वर अडून बसला. “काका, मी जड आहे हो.”

“गोलकीपर जडच असतो. ये.”

शेवटी एक सडपातळ पोरगा उरला. पुढच्या फळीतला. त्याने खाली पाहिलं, वाकलेल्या शोमारीकडे पाहिलं आणि विचारलं, “काका, तिकडे फाटक उघडं आहे का?”

“उघडं आहे.”

पोरगा भिंतीवर बसून राहिला. पलीकडे बसमधून कुणीतरी त्याला हाका मारत होतं, शिव्याही देत होतं. मग त्याने सुस्कारा सोडला आणि अलगद माझ्यावर पाय ठेवून उतरला. आधी डावा.

त्या पायाखाली मी फाटले. थोडीच, बाळ शोमारीच्या टाचेपाशी विरले होते तिथेच. नासरा म्हणते, आता हिचं फडकं करायचं आणि तुनूसाठी नवी खांगा आणायची. आणावी. माझी हरकत नाही. माझ्या काठावरची अक्षरं बुटांनी आणि धुण्याने इतकी पुसली आहेत की तुनूला ती वाचता येत नाहीत. तिने बापाला विचारलं, काय लिहिलंय? तो म्हणाला, “आता काही नाही.”

मी तर शिकवण्याच्या लायकीची राहिले नाही, तरी जाता जाता एवढं सांगते. दुकानात गेलात, रंग आवडला, पोत आवडला, तरी बाळाला पाठीशी बांधण्याआधी काठ एकदा नीट वाचून घ्या. बाळ झोपलेलं असतं, पण कापड बोलत असतं. आणि नासरा, घेशीलच तर एखादी कोरी मिळते का बघ. पोरीला लिहायचं ते ती लिहील.

तोवर मी आहे. पुढच्या सामन्यापर्यंत टिकले, तर पुन्हा त्याच्या पाठीवर. एके काळी तो माझ्यात होता, आता मी त्याच्यावर आहे. वजन मात्र तेव्हाही त्याचं नव्हतं, माझ्या काठावरच्या वाक्याचं होतं, आणि आताही माझं नाही. आता ते भिंतीवरून उतरणाऱ्यांचं आहे, आणि फाटक तर उघडंच असतं.